निळा दोरा

मला राग आला की माझा आवाज खाली जातो. हे मी सरांकडून उचललेलं नाही. त्यांचा आवाज रागात असा चढायचा की थिएटरबाहेर स्ट्रेचरवर पडलेला पेशंट उठून बसायचा. आमच्या खात्यात त्यांना सगळे तोफ म्हणायचे. ते त्यांना माहीत होतं, आणि मनातून आवडायचंही. त्या सोमवारी तोफेचं तोंड माझ्याकडे वळलं तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि गेली चौदा वर्षं स्वतःच्या जबाबदारीवर किडन्या बसवत होते.

दर सोमवारी सकाळी आठला आमच्याकडे चुकांची बैठक असते. आठवड्यात जे बिघडलं ते ज्याच्या हातून बिघडलं त्याने उभं राहून सांगायचं. खुर्चीत बसून सांगितलेली चूक निम्मीच असते, असं सर म्हणायचे. त्या दिवशी मी उभी होते. माझी पेशंट चौतीस वर्षांची, छापखान्यात मुद्रितशोधक. पाच वर्षं डायलिसिसच्या खुर्चीत बसून ती दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढत होती. आमच्या संमतिपत्रातही तिने सही करण्याआधी तीन चुका काढल्या होत्या. मेंदू मृत झालेल्या एका माणसाची किडनी तिला मिळाली. त्याच्या शरीरातून ती सरांनी काढली, बर्फाच्या पेटीत घातली. मी पेटी उघडली आणि तिच्या शरीरात बसवली. आठ दिवस सगळं ठीक होतं. रविवारी तिच्या जखमेतून लघवी झिरपायला लागली.

"म्हणजे काय झालं?" सरांनी विचारलं.

"किडनीपासून मूत्राशयात उतरणारी नळी सडली असणार."

"नळी का सडते?"

"रक्त पोचलं नाही तर."

"आणि रक्त का पोचत नाही?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"मी सांगतो. पेटीतून काढून साफ करताना तू नळीभोवतीची चरबी ओरबाडलीस. काकडी सोलावी तशी सोललीस नळी! पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवतो, डावरे. पहिल्या वर्षाच्या!"

बावीस माणसं बसली होती. त्यांतल्या निम्म्यांना मी शिकवलेलं. मी म्हटलं, "सर, मी चरबीला हात लावलेला नाही."

"मग नळी काय रुसली म्हणून सडली?" लोक हसले. "माझ्याकडून पेटी निघाली तेव्हा किडनीला ओरखडा नव्हता. पेटीबरोबरचा फॉर्म वाच. इजा: काहीही नाही. अक्षर माझं आहे."

अक्षर त्यांचंच होतं. तेच वळणदार, शाळेत बक्षीस मिळालेलं अक्षर. फक्त छापील ओळीच्या जरा वर तरंगत होतं. मी खाली बसले. आणि सगळ्यात वाईट काय, तर माझा त्यांच्यावर विश्वास बसला. अर्धा तास मी मनातल्या मनात माझेच हात तपासत राहिले.

त्यांच्यावर विश्वास बसायचं कारण आहे. मी डावखुरी आहे. शल्यचिकित्सेला गेले तेव्हा तीन विभागप्रमुखांनी मला तोंडावर सांगितलं की कात्र्या उजव्या हाताच्या असतात, बाई, तुम्ही औषधं द्या. चौथे सर. त्यांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला, भाजी निवडावी तसा, आणि म्हणाले, "उद्यापासून ये. कात्र्या मागवतो." मागवल्या. डाव्या हाताच्या सहा कात्र्या, चार सुईपकडे. तेव्हापासून मला नावाने हाक मारली नाही. डावरी. ए डावरे. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरही त्यांनी नाव खोडून तेच लिहून मला परत पाठवलं, वर शुभेच्छा.

आणि निळा दोरा. रक्तवाहिन्या शिवायला आम्ही जो वापरतो तो दोरा निळा असतो, केसाएवढा बारीक. सरांचा नियम असा, की किडनी काढताना तुझ्या हातून काही कापलं गेलं, जे कापायचं नव्हतं, तर पेटी बंद करण्याआधी त्या टोकाला निळा दोरा बांध आणि बोटभर शेपूट सोड. पुढच्या माणसाला पेटी उघडताक्षणी दिसलं पाहिजे. कापलेलं दिसलं तर जोडता येतं. नाही दिसलं तर पेशंट भोगतो. "चूक कर," ते म्हणायचे, "माणूस आहेस. पण दोरा बांधला नाहीस तर माझ्या दारात उभी राहू नकोस."

तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक धमनी गेली. दोरा तीनदा सुटला, चौथ्यांदा बांधला. पेटी दुसऱ्या हॉस्पिटलात गेली. तासाभरात तिथल्या मोठ्या सर्जनचा फोन आला आणि त्यांनी मला आईवडिलांपासून सुरुवात करून शिव्या घातल्या. सरांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "तिने दोरा बांधला म्हणून तुम्हाला दिसलं," ते ओरडले. "तुमच्याकडून आजवर माझ्याकडे दीडशे पेट्या आल्या. एकीतही दोरा नाही. तुम्ही काय देव आहात?" आणि फोन ठेवून माझ्याकडे वळून साध्या आवाजात म्हणाले, "गाठ कशी मारलीस ते दाखव." त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस सांगेल ते करायचं.

सोमवारी दुपारी मी मुद्रितशोधक बाईंना पुन्हा टेबलावर घेतलं. जखम उघडली. नळी खालच्या अर्ध्यात काळी पडली होती. किडनीच्या खालच्या टोकाला, चरबीच्या गादीत, मी चिमट्याने अलगद चाचपत गेले आणि ते सापडलं. गव्हाच्या काडीएवढी एक धमनी. वेगळी, खालून येणारी. दर चार-पाच माणसांत एखाद्याला अशी जादा धमनी असते, आणि नळीला रक्त तीच देते. तिचं टोक सरळ कापलेलं होतं. फाटलेलं टोक झिपऱ्या झिपऱ्या असतं. हे कात्रीचं होतं. आणि ते अशा चरबीत होतं जिला मी हात लावला नव्हता. किडनी बसवण्याआधी मी नेहमी फोटो काढते. त्या फोटोत ती चरबी जशीच्या तशी होती. म्हणजे किडनी पेटीत यायच्या आधीच धमनी कापली गेली होती.

निळा दोरा नव्हता.

समोर मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. सव्वीस वर्षं सरांच्या हातात हत्यारं देणाऱ्या, सरांना घाबरत नाहीत अशा जगातल्या दोनपैकी एक. मास्कच्या वर त्यांचे डोळे त्या टोकावर गेले, मग दुसरीकडे गेले.

सडलेली नळी काढून मी नव्या किडनीला त्या बाईंचीच जुनी नळी जोडली. तीन तास लागले. किडनी वाचेल की नाही हे पंधरा दिवस सांगता येणार नव्हतं. हात धुताना मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही होतात ना सरांबरोबर त्या दिवशी?"

"होते."

"मग?"

"मला नका विचारू, मॅडम." त्यांनी टोपी काढली, केस सारखे केले. "सहा महिने सरांच्या समोर मदतीला तर तुम्हीही उभ्या असता."

त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मला राग आला होता आणि तो मला पुरत होता. ज्या माणसाने मला दोरा शिकवला त्याने दोरा बांधला नाही, 'काहीही नाही' लिहिलं, आणि वर बावीस लोकांसमोर माझे वाभाडे काढले! शुक्रवारी त्यांचा निरोप समारंभ होता. नव्या थिएटरला त्यांचं नाव लागणार होतं. भाषण मी करणार होते, चार पानं लिहून तयार. घरी जाऊन मी ती पानं फाडली. मग आणखी बारीक फाडली.

पण समारंभाचं मला फारसं काही नव्हतं. बुधवार होता मध्ये. बुधवारी सरांचं शेवटचं ऑपरेशन होतं. एक बस ड्रायव्हर, पन्नास वर्षांचा धडधाकट माणूस, आपल्या मुलीला किडनी देणार होता. मेलेल्या माणसाची किडनी काढताना चूक झाली तर किडनी जाते. जिवंत माणसाची काढताना झाली तर माणूस जातो. आणि ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना, तपासणीत दिसत होतं तसं, खालून येणारी एकेक बारीक धमनी होती. अगदी तशीच. खोटं लिहिणाऱ्या माणसाला मी त्याच्या पोटात हात घालू देणार नव्हते.

मंगळवारी दुपारी मी फॉर्म घेऊन सरांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. सरांना न घाबरणाऱ्या त्या दुसऱ्या.

"अगं, फोन नाही, काही नाही? ये, बस. जेवलीस?"

"सर आहेत?"

"आहेत की." माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी जेवणाचा विषय सोडला. "चहा टाकते."

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. रेडिओ चालू होता. मी तो बंद केला. त्यांच्या घरात रेडिओ बंद करायची हिंमत मी बावीस वर्षांत पहिल्यांदा केली.

"सर, मला बोलायचंय."

"बोल. एवढी हळू बोलते आहेस म्हणजे भांडायला आली आहेस."

"खालची धमनी होती. तुम्ही कापलीत. दोरा बांधला नाहीत. फॉर्मवर खोटं लिहिलंत. आणि काल मला उभं करून सोललंत."

"जीभ आवर, डावरे!"

"नाही आवरत."

"आठशे किडन्या काढल्यात मी. कापलेली वाहिनी न सांगता एकही पेटी बंद केलेली नाही. एकही! दोरा नाही म्हणजे मी कापलेली नाही. सरळ हिशेब आहे. तुझ्याकडून गेली असेल, आणि आता माझ्या गळ्यात..."

"माझ्याकडून?" माझा आवाज इतका खाली गेला की मलाच ऐकू येईना. मी फोन काढला, ऑपरेशनमधला फोटो मोठा करून त्यांच्या हातात दिला. "हे बघा. हे टोक. नीट बघा आणि मग सांगा कुणाकडून गेली."

सरांनी फोन घेतला. मान एका बाजूला वळवली, खिडकीतून कुणी हाक मारल्यासारखी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून फोनकडे पाहिलं.

"दिसतंय," ते म्हणाले. "कात्रीचं आहे, कबूल. पण कात्री तुझी."

"कुठलं टोक, सर?"

"हे काय."

त्यांनी बोट ठेवलं. बोट माझ्या हातमोज्याच्या अंगठ्यावर होतं.

फोन त्यांच्या हातातून घेतला आणि परत दिला. "पुन्हा दाखवा."

या वेळी बोट कापसाच्या बोळ्यावर पडलं.

मी तासभर पुरेल एवढं बोलणं पाठ करून आले होते. त्यातला एक शब्दही आता कामाचा नव्हता. दारात कप वाजले. काकू ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"दीड वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग आहे. कडेकडेचं दिसतं. पेपर मी वाचून दाखवते."

"तू आत जा!" तोफ डागली गेली.

"नाही जात," काकू म्हणाल्या आणि ट्रे टेबलावर ठेवला. "तिला तरी कळू दे. मी सांगून सांगून थकले."

म्हणजे ते खोटं बोलले नव्हते. लपवलं नव्हतं. धमनी कापली गेली हे त्यांना दिसलंच नव्हतं. 'काहीही नाही' हे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, अंदाजाने, ओळीच्या वर. आणि बैठकीत माझ्यावर ओरडले ते मी खरोखर चुकले असं समजून. मला वाटलं होतं की खोटं उघडं पाडलं की राग शांत होईल. तो दुप्पट झाला. खोटारडा माणूस परवडला. त्याला निदान पेटीत काय आहे ते माहीत असतं.

"तुम्हाला दिसत नाही," मी म्हटलं. "आणि तुम्ही माणसं उघडता."

"हातांना दिसतं माझ्या."

"त्या बाईंच्या किडनीच्या वेळी कुठे गेले होते हात?"

काकूंनी सरांच्या हाताला कप लावला, तेव्हा त्यांनी तो धरला. ती हालचाल मला ओळखीची वाटली. मोठ्या सिस्टर अशाच त्यांच्या तळहातात चिमटा टेकवतात. टेकवून, क्षणभर तशाच धरून, मग सोडतात. पूर्वी त्या चिमटा हवेत पुढे करायच्या आणि सर न बघता झडप घालायचे. कधी बदललं हे? मला आठवायला लागलं, आणि नको ते आठवलं. उन्हाळ्यात एकदा सरांनी चुकीच्या शिरेला चिमटा लावला. मी काही न बोलता तो काढून बरोबर जागी लावला. एकदा म्हणाले, "गाठ बघ गं जरा." सरांनी आयुष्यात कुणाला गाठ बघायला सांगितली नव्हती. मी बघितली, सैल होती, पुन्हा मारली. मग दर वेळी मारायला लागले. सहा महिने. आम्ही त्याबद्दल एकदाही बोललो नाही. मी मनाशी म्हणत होते, वय झालंय, चालायचंच.

"बुधवारचं एक करू दे," सर म्हणाले. आवाज तोफेचा नव्हता. "शेवटचं. तू समोर असणारच आहेस. त्याची खालची धमनी मला पाठ आहे, दोन बोटं खाली, किंचित मागून येते. तू नुसतं सांगत राहा. पंचेचाळीस वर्षं झाली, डावरे. एक ऑपरेशन मागतोय."

खोटं कशाला बोलू, एक क्षण मी हिशेबही केला, की मी समोर असले, सिस्टर बाजूला, तर जमेल. मग मला त्या बाईंची काळी नळी आठवली आणि स्वतःचाच इतका राग आला की मी उठून उभी राहिले.

"ड्रायव्हरला मी घेते," मी म्हटलं. "तुम्ही आत यायचं नाही. आज संध्याकाळी मी डीनना सांगणार आहे, डोळ्यांचं सगळं. पण त्याआधी हे." मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन हातात दिलं. "इजा. लिहा."

"तू लिही. मला ओळ दिसत नाही."

"तुमच्या अक्षरात हवं."

"अगं, असू दे ना," काकू म्हणाल्या.

"नाही काकू." मी सरांचं बोट धरलं आणि ओळीच्या सुरुवातीला टेकवलं. "इथून. मी ओळीवर बोट ठेवते, त्याला धरून लिहा."

त्यांनी लिहिलं. 'काहीही नाही' खोडलं, अक्षर वर चढलं, खाली उतरलं, पण लिहिलं. किडनी काढताना खालची धमनी माझ्याकडून कापली गेली. मला दिसली नाही. सही. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात उलटसुलट केला होता तसा आज त्यांचा माझ्या हातात होता. मला त्याचं काही गोड वाटलं नाही.

"उद्या सकाळी साडेसातला वॉर्डात या," मी म्हटलं. "त्या बाईंना तुम्ही सांगायचं. उभं राहून."

संध्याकाळी डीनना भेटून मी ड्रायव्हरच्या खाटेपाशी गेले. सर ऑपरेशन करणार नाहीत, मी करणार, आणि का, हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. शेजारच्या खाटेवर मुलगी पुस्तक तोंडापुढे धरून एकही पान उलटत नव्हती.

"आम्हाला दरवर्षी डोळे तपासून घ्यावे लागतात, मॅडम," तो म्हणाला. "आमच्यातला एक होता, तीस वर्षं एक अपघात नाही. तक्ता वाचता आला नाही. साहेबांनी चावी काढून घेतली. रडला, पाया पडला. नाही दिली. तुमच्यात चावी कोण काढून घेतं?"

"आज मी काढून घेतली," मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "उद्या किती वाजता?"

मला स्वतःचा जरा अभिमानच वाटला. घरी जाऊन नीट जेवले.

बुधवारी साडेसातला सर आले. काकूंनी कोपराला धरलं होतं. वॉर्डाच्या दारात त्यांनी कोपर सोडवून घेतलं आणि खाटा मोजत एकटे आले, चौथ्या खाटेशी थांबले. मुद्रितशोधक बाई उशीला टेकून बसल्या होत्या. पोटातून दोन नळ्या बाहेर, चेहरा उतरलेला, चष्मा मात्र पुसलेला. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले, हाताची घडी घालून. मी बघायला आले होते.

"तुमची किडनी मी काढली," सर म्हणाले. "एक धमनी माझ्याकडून कापली गेली. त्यामुळे तुम्हाला पुन्हा कापावं लागलं. चूक माझी आहे. या डॉक्टरांची नाही. सोमवारी मी सगळ्यांसमोर त्यांची म्हणालो, तेही चूक."

बाईंनी विचारलं, "कशी कापली गेली?"

"मला दिसली नाही. मला मधलं दिसत नाही. दीड वर्षापासून."

"मग आत कशाला गेलात?"

बाईंनी आवाज चढवला नव्हता. पानावरची शंका विचारावी तसं विचारलं. सरांनी खाटेची कड चाचपली आणि धरली. मला वाटलं, बरोबर विचारलंत, बाई. आणखी विचारा.

मग त्यांनी चष्मा माझ्याकडे वळवला.

"आणि तुम्हा कुणालाच हे माहीत नव्हतं?"

वॉर्डात कुणीतरी खोकलं. दारात मोठ्या सिस्टर येऊन उभ्या होत्या. माझ्या हाताची घडी सुटली. मला सगळं एकदम आठवलं, उन्हाळ्यातला चिमटा, सैल गाठी. आणि तेही, जे मी चुकांच्या बैठकीत सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. या बाईंची किडनी बसवून रक्त सोडलं तेव्हा ती गुलाबी झाली, पण खालच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा भाग काळपट राहिला. मी तो पाहिला. थांबून चरबीत शोधायला हवं होतं. मी फॉर्मकडे पाहिलं. सरांनी 'काहीही नाही' लिहिलं होतं. मी टाके घातले.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"सहा महिने."

"म्हणजे माझ्या आधीपासून."

"तुमच्या आधीपासून."

सरांनी मान माझ्याकडे वळवली, तिरकी, कडेने बघायला. बाईंनी हात पुढे केला. "तो कागद द्या."

मी फॉर्म दिला. त्यांनी तो वाचला, सगळा, छापील सूचनांसकट. "यात तुमचं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "लिहा. मी वाचून घेते."

खाटेच्या टेबलावर वाकून, डाव्या हाताने, मी सरांच्या वेड्यावाकड्या ओळींखाली लिहिलं. 'सदर शल्यचिकित्सकांची दृष्टी अधू असल्याची कल्पना सहा महिन्यांपासून होती. प्रत्यारोपणानंतर किडनीचा खालचा भाग काळपट दिसला असता त्याकडे दुर्लक्ष झाले.' आमच्याकडे असंच लिहितात. मी फॉर्म परत दिला.

बाईंनी उशीखालून पेन्सिल काढली. ओळीवरून फिरवत नेली आणि दोन ठिकाणी थांबून समासात खूण केली.

"कल्पना कुणाला होती? दुर्लक्ष कुणी केलं?" त्यांनी विचारलं. "आमच्या छापखान्यात तपासणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर असतं. तुमचं घाला."

नऊला ड्रायव्हरला आत घ्यायचं होतं. पावणेआठ झाले होते. मी पेन घेतलं आणि दोन्ही खुणांपाशी माझं नाव लिहिलं.